प्रेम आडेची पार्श्वभूमी

किसनसिंग आडे गुरुजी निरक्षर झाले ते एका मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता, अंगणात दात घासताना. त्याआधी ते पंचावन्न वर्षं चांगले साक्षर होते. चौतीस वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांमधून दुसऱ्यांना साक्षर केलं होतं, त्यातली शेवटची सहा केंद्रप्रमुख होऊन साक्षर करणाऱ्यांवर नजर ठेवली होती, आणि निवृत्तीनंतर पांढरकवड्याच्या शिक्षक कॉलनीत स्लॅबचं घर बांधून दारावर ‘कि. दे. आडे, एम.ए., बी.एड.’ अशी पाटी लावली होती. पाटी पितळेची होती. दर रविवारी ते ती चिंच लावून स्वतः घासत.

त्या सकाळी ‘निवृत्त गुरुजन, केळापूर’ या ग्रुपवर फोन वाजला. या ग्रुपवर साधारण दोनच गोष्टी येत, सुप्रभातची फुलं आणि निधनाच्या बातम्या. कधीकधी दोन्ही एकाच माणसाच्या नावानं, एका दिवसाच्या अंतरानं. म्हणून गुरुजींनी ब्रश तोंडात ठेवूनच पाहिलं. फोटो त्यांच्या मुलाचा होता. प्रेमचा.

प्रेम महिन्याभरापूर्वीच दूर घाटापलीकडच्या एका सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेत दाखल झाला होता. संस्थेनं आपल्या नव्या विद्यार्थ्यांची ओळख इंटरनेटवर टाकली होती, आणि कोण्या उत्साही गुरुजींनी ती शोधून ग्रुपवर आणली होती. फोटोत प्रेमची दाढी वाढलेली होती, खांद्यावर घोंगडी होती, आणि मागे कुडाची झोपडी. गुरुजींनी झोपडी लगेच ओळखली. तांड्यावर राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावाचा, बादलचा, तो शेळ्यांचा कोठा होता. जूनमध्ये प्रेम ‘काकाले भेटून येतो’ म्हणून बेचाळीस डिग्रीत घोंगडी घेऊन का गेला होता, याचाही उलगडा झाला. फोटोखाली लिहिलं होतं:

‘प्रेम आडे. दिग्दर्शन, प्रथम वर्ष. पार्श्वभूमी: यवतमाळ जिल्ह्यातल्या जंगलातल्या एका तांड्यावर जन्म. घरात वीज नाही. वडील निरक्षर, लोकांच्या शेळ्या चारतात. आई चार मैलांवरून पाणी आणते. पहिला चित्रपट वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पाहिला. प्रेरणा देणारे दिग्दर्शक:’ आणि पुढे तीन परदेशी नावं. त्यातल्या एका नावात पाच व्यंजनं सलग होती आणि मध्ये एकही स्वर नव्हता. मराठीचे एम.ए. असल्यामुळे गुरुजींनी ती मोजली.

खाली अभिनंदनाचा पाऊस पडला होता. ‘गरिबीवर मात!’ असं ज्यांनी लिहिलं होतं, त्या सहकाऱ्यांनी प्रेमच्या निरोपाच्या जेवणाला याच घरात दोनदा मटण वाढून घेतलं होतं.

गुरुजींनी चूळ भरली आणि मजकूर स्वयंपाकघरात नेऊन हंसाबाईंना वाचून दाखवला. हंसाबाई पाण्याच्या फिल्टरवर ओरडत होत्या. तो सकाळपासून लाल दिवा दाखवत होता.

“चार मैल?” त्या म्हणाल्या. “घरात तीन मानसं अन् पाच नळ हायेत. मायं नाव टाकलं का पन त्यात?”

“नाही. नुसतं ‘आई’ आहे.”

“मंग आनू दे तिले पानी. मले काय करा लागते?” आणि त्या पुन्हा फिल्टरकडे वळल्या.

पण गुरुजींना इतक्या सहज वळता येईना. निरक्षर हा शब्द त्यांना जोड्यातल्या खड्यासारखा टोचत होता. आणि खरं सांगायचं तर, कोणालाच सांगायचं नसलं तरी, निरक्षरपेक्षाही ती तीन नावं जास्त टोचत होती. कारण दिग्दर्शनाच्या बाबतीत गुरुजींचंही काही म्हणणं होतं. सव्वीस स्नेहसंमेलनं त्यांनी एकट्यानं बसवली होती. लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य, आणि मुख्य पात्राला ऐन वेळी जुलाब लागले तर अभिनयसुद्धा. प्रेम पाचव्या वर्षी त्यांच्याच नाटकात झाड झाला होता. आठव्या वर्षी त्याला बढती मिळून तो फळं लागलेलं झाड झाला. अकराव्या वर्षी त्यानं झाड व्हायला साफ नकार दिला आणि पडद्याची दोरी धरून उभा राहतो म्हणाला, आणि पडदा अशा क्षणी पाडला की खुद्द गटशिक्षणाधिकारी डोळे पुसत होते. महिन्यातून एक रविवार मोटारसायकलच्या टाकीवर बसवून गुरुजी त्याला सत्तर किलोमीटरवर यवतमाळला पिक्चर दाखवायला नेत. येताना ‘हिरोईनचा बाप का रागावला?’ यावर बाप-लेकाची करंजीपर्यंत चर्चा चाले. यादीत पहिलं नाव त्यांना नकोच होतं. पण चौथ्या जागी ‘आणि वडील’ असं दोन शब्दांत टाकलं असतं, तर त्या पाच व्यंजनवाल्यांचं काही बिघडलं असतं असं गुरुजींना वाटत नव्हतं.

त्यांनी प्रेमला फोन लावला.

“बाबा, मी सांगनारच होतो तुमाले,” प्रेम म्हणाला. महिन्याभरात त्याच्या बोलण्यात ‘बेसिकली’ नावाचा एक शब्द शिरला होता. “बेसिकली, मुलाखतीत पाच जण बसले होते. म्हणाले, पार्श्वभूमी सांग. मी खरं सांगितलं. वडील केंद्रप्रमुख, आई घरी, कॉलनीत घर, दहावीले शहाऐंशी टक्के. तर एकानं जांभई देल्ली, बाबा. दुसरा चहात बिस्कीट बुडवून राह्यला होता.”

“मग?”

“मंग मी तांड्याचं सुरू केलं. शेळ्या म्हटल्या की बिस्कीटवाला थांबला. कंदील म्हटला की त्यातल्या वर्षा मॅडम, आता आमाले शिकवतात त्या, पुढे वाकल्या. अन् निरक्षर म्हटलं, तर त्याईनं चश्माच काढला.”

“अरे, पण खोटं आहे ते!”

“खोटं कसं? तुमचंच तर सांगितलं मी. तुमी तांड्यावर जन्मले. तुमच्या घरी लाईट नव्हती. देवीलाल बाबा लोकायच्या शेळ्या चारत. पहिला पिक्चर तुमी एकोनिसाव्या वर्षी पाह्यला. मी फक्त एक पिढी पुढे सरकवली.”

सगळं खरं होतं. चार ओळींत त्यांचं अख्खं बालपण होतं, कंदिलाच्या काजळीसकट, आणि ते मुलानं कपाटातून जुना कोट काढावा तसं अंगात घातलं होतं. ते त्याला बसतही होतं. फक्त बापाच्या अंगावर आता काहीच उरलं नव्हतं.

“आणि ते तिघं डायरेक्टर?” त्यांनी शेवटी विचारलं. “पाहिलेत का त्यांचे सिनेमे?”

“दोघांचे पाह्यले. तिसऱ्याचं नाव मायाआधी गेलेल्या पोट्ट्यानं घेतलं होतं.”

दुपारी शेजारचे धम्मरत्न वानखडे चहाला आले. ते भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झाले होते आणि आयुष्यातल्या प्रत्येक दुःखाकडे चुकीची नोंद म्हणून पाहत. बायको रुसली तरी ते मनातल्या मनात दुरुस्तीचा अर्ज लिहीत असावेत.

“गुरुजी, हे सोपं हाय,” ते म्हणाले. “नोंद चुकली, नोंद दुरुस्त करून घ्या. पोट्ट्याचं बाकी काही हलवू नका. थे कंदील, थे पानी, राहू द्या. फक्त ‘निरक्षर’ कापा अन् ‘सेवानिवृत्त केंद्रप्रमुख’ टाका. एका शब्दाचा तर प्रश्न हाय.”

एका शब्दाचा प्रश्न आहे, असं म्हणून या देशात जेवढी माणसं म्हातारी झाली आहेत, त्यांची गणती कोणी केलेली नाही. पण गुरुजींना ते पटलं. त्यांनी तीन मसुदे करून, ‘आपल्या नावाजलेल्या संस्थेकडून अनवधानाने’ अशी सुरुवात असलेलं एक पत्र ईमेलनं पाठवलं. शुद्धलेखन दोनदा तपासलं. चिरंजीवांच्या प्रवेशाबद्दल आभार मानले. खाली एम.ए., बी.एड. लिहिलं.

चार दिवसांनी वर्षा मॅडमचं उत्तर आलं. उत्तर नम्र होतं, त्यामुळे जास्त लागलं. त्यांनी लिहिलं होतं की प्रेमच्या वडिलांना लिहिता येत नाही हे संस्थेला ठाऊक असल्यामुळे सदर पत्र दुसऱ्याच कोणीतरी लिहिलं आहे हे उघड आहे. तळागाळातला मुलगा वर येऊ लागला की गावातली प्रस्थापित मंडळी असा त्रास देतात, हा संस्थेचा अनुभव आहे. संस्था प्रेमच्या पाठीशी ठाम उभी आहे. तरीही पत्र खरोखर वडिलांचंच असेल, तर त्यांनी साक्षर असल्याचा सरकारी पुरावा जोडावा.

“प्रस्थापित!” गुरुजी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना प्रस्थापित म्हटलं होतं, आणि तेसुद्धा त्यांच्याच मुलाचा शत्रू म्हणून. “जोडतो! डिग्रीच जोडतो!”

“डिग्री नाही चालत,” धम्मरत्न म्हणाले. त्यांनी चष्मा लावून डिग्री उजेडात धरली होती. “हे पाहा, हिच्यावर ‘किसन देवीलाल’ हाय. आधारवर ‘किसनसिंग’. उद्या थे म्हणतीन, हा किसन शिकेल असन, पन किसनसिंग अडाणी हाय. तुमी प्रतिज्ञापत्र करा.”

तहसीलच्या आवारातल्या सेतू केंद्रात दुसऱ्या दिवशी गुरुजी रांगेत उभे राहिले. भिंतीवर दाखल्यांची यादी होती. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, वयाचा, अल्पभूधारकाचा, एकाच कुटुंबातला असल्याचा, हयात असल्याचा. हयात असल्याचा दाखला मिळत होता. साक्षर असल्याचा नव्हता. संगणकावर पुष्पा नावाची मुलगी बसली होती. ती पहिलीत गुरुजींच्या हाताखाली होती. तिनं उठून नमस्कार केला आणि मग काम ऐकून पुन्हा बसली.

“पन गुरुजी, मले बाराखडी तुमीच तर शिकवली.”

“तेच लिहून दे.”

“तसा नमुना नाही ना जी. ‘इतर’मध्ये टाकते.” तिनं भराभर टाइप केलं आणि एक छोटं यंत्र पुढे सरकवलं. “अंगठा द्या.”

“अंगठा? सही करतो की मी.”

“सहीची जागाच नाही त्यात. आधार जुळा लागते, थे अंगठ्यानंच जुळते.”

मागच्या रांगेत एका म्हाताऱ्यानं सहानुभूतीनं ‘च्च’ केलं. गुरुजींनी अंगठा ठेवला. यंत्रानं लाल दिवा दाखवला. पुन्हा ठेवला. पुन्हा लाल. पुष्पानं ओल्या फडक्यानं अंगठा पुसला, मग कोरड्या, मग स्वतःच्या पर्समधलं क्रीम लावलं.

“रेषाच राह्यल्या नाहीत, गुरुजी. खडूनं झिजल्या असतीन.”

सातव्या खेपेला यंत्राला दया आली. छापून आलेल्या कागदावर लिहिलं होतं की, मी, किसनसिंग देवीलाल आडे, शपथेवर सांगतो की मला मराठी, हिंदी व इंग्रजी लिहिता-वाचता येते व वरील मजकूर मी स्वतः वाचून समजून घेतला आहे. आणि त्याखाली, उजव्या कोपऱ्यात, ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’.

गुरुजी तो कागद घेऊन आवारातल्या बाकड्यावर बराच वेळ बसले. हा पुरावा पाठवला तर वर्षा मॅडमचा संशय पक्का होणार, हे सांगायला एम.ए. असण्याची गरज नव्हती. तेवढ्यात प्रेमचा फोन आला, आणि या वेळी त्यात ‘बेसिकली’ नव्हतं.

“बाबा, तुमी काय पाठवलं संस्थेत? मॅडमनं मले बोलावलं होतं. बाबा, मायी जागा राखीव हाय. जातीची नाही, त्यायची स्वतःची. घराण्यात पहिल्यांदाच शिकनाऱ्यासाठी एकच जागा असते. थे तुमचं एम.ए. खरं निघालं, तर मी त्याच संध्याकाळी घरी.”

“हे तू आधी नाही सांगितलं.”

“आधी सांगितलं असतं तर तुमी जाऊ देल्लं असतं?”

नसतं जाऊ दिलं. परीक्षेत नक्कल करणाऱ्या स्वतःच्या भाच्याला गुरुजींनी वर्गाबाहेर काढलं होतं, आणि त्यावरून बहीण सहा वर्षं राखी घेऊन आली नव्हती.

“अन् आता,” प्रेम रडकुंडीला येऊन म्हणाला, “मॅडम म्हणते, या धमक्यायले उत्तर म्हणून आपण तुया पार्श्वभूमीवर लहानशी फिल्म करू. रविवारी कॅमेरा घेऊन तांड्यावर येऊन राह्यलो आमी. बादल काका म्हणाले, मी बाप होतो. तुमी फक्त येऊ नका, बाबा. प्लीज.”

घरी येऊन गुरुजींनी सगळं हंसाबाईंना सांगितलं. त्यांना वाटलं, ही तरी म्हणेल, आणा त्याला परत, खोट्याच्या जिवावर शिकलेलं नको. हंसाबाईंनी भाकरी उलटली.

“पोराची जागा गेली तर पुन्हा येनार नाही,” त्या म्हणाल्या. “तुमचं एम.ए. आता कुठी जाते?”

प्रतिज्ञापत्र कपाटात, विम्याच्या कागदांखाली गेलं.

येऊ नका म्हटल्यावर न जाण्याइतके गुरुजी साधू नव्हते. रविवारी सकाळी ते मारेगावकडच्या बसनं तांड्यावर पोचले, तेव्हा बादलची तयारी जोरात होती. बादल बारावी पास होता, पाच वर्षं सरपंच होता, आणि त्याच्याकडे चाळीस शेळ्या नि एक बोलेरो होती. बोलेरो सकाळीच मावसभावाकडे पाठवली होती. डिशच्या छत्रीवर वैरण पसरली होती. फ्रिजला साडी नेसवली होती. सगळं झाकता आलं, पण खांबांवरचे दिवे झाकता येईनात. वीज नसलेल्या त्या तांड्यावर भर सकाळी चार खांबांवर चार दिवे लखलखत होते, आणि ते दिवसा विझवण्यासाठी बादलनं सरपंच असताना तीन वर्षं पत्रव्यवहार केला होता.

“भिया, तू आलास ते बरं झालं,” बादल म्हणाला. “वहिनी?”

“नाही आली. विचारलं तर सांग म्हणाली, पाणी आणायला गेली आहे. चार मैल आहे, वेळ लागेल.”

दहाच्या सुमाराला गाडी आली. वर्षा मॅडम सुती साडीत होत्या, आवाज हळू, नजर मायाळू. बाई वाईट असती तर गुरुजींना सोपं गेलं असतं. सोबत कॅमेरा धरायला दोन मुली, आणि प्रेम. बापाला लिंबाखाली बसलेलं पाहून त्याचा चेहरा पडला. गुरुजींनी ओळख दाखवली नाही. दिव्यांकडे पाहून मॅडमनी विचारलं, तेव्हा प्रेम म्हणाला, “खांब आहेत, मॅडम. घरात जोडणी नाही.” पोरगं शिकत होतं यात शंका नव्हती.

बादलला कोठ्यासमोर बसवलं. मॅडमनी हळुवार विचारलं, “दादा, प्रेम सिनेमा शिकायला गेला. तुम्हाला काय वाटतं?”

बादलनं कॅमेरा पाहिला, घसा खाकरला, आणि पाच वर्षांच्या सरपंचपदानं त्याचा घात केला. “सर्वप्रथम, संस्थेचे सन्माननीय पदाधिकारी, उपस्थित मान्यवर, आणि माझ्या बंधू-भगिनींनो—”

दोनदा थांबवलं. दोन्ही वेळा तो मान्यवरांपासूनच सुरू झाला. तिसऱ्या वेळी त्यानं पंधराव्या वित्त आयोगाचा उल्लेख केला. मॅडमच्या कपाळावर आठी आली.

“प्रेम,” त्या म्हणाल्या, “हे तुझे वडील आहेत?”

गुरुजींनी मुलाकडे पाहिलं. पडद्याची दोरी हातातून सुटलेल्या पोराचा चेहरा कसा होतो, ते सव्वीस वर्षं त्यांनी पाहिलं होतं. आणि प्रेमनं लिंबाकडे बोट केलं.

“नाही मॅडम. हे काका. बाबा ते. लाजतात म्हणून तिकडे बसले.”

गुरुजींनी खिशातलं पेन काढलं आणि लिंबाच्या बुंध्याशी मातीत खोचलं. चष्मा काढला. बादलच्या खांद्यावरचा पंचा डोक्याला गुंडाळला आणि येऊन उकिडवे बसले, दोन्ही मनगटं गुडघ्यांवर टेकवून, बोटं खाली लोंबत. त्यांचे वडील देवीलाल असे बसत. गुरुजींना शाळेत भरती करायला आले तेव्हा मास्तरांसमोर ते असेच बसले होते. माणसाच्या तोंडाकडे न पाहता त्याच्या पायांकडे पाहत.

“बाबा, तुम्हाला काय वाटतं?”

गुरुजींनी मॅडमच्या चपलांकडे पाहिलं.

“आमाले काय समजते जी,” ते म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता. तीस वर्षांपूर्वी चितेवर गेलेल्या बापाचा होता. “पोट्टं म्हणते जातो. मी म्हटलं, जाय. शेळीले दोरी लावता येते. पोट्ट्याले कशी लावाव?”

कॅमेरा धरलेल्या मुलीनं नाक ओढलं. प्रेमनं तोंड फिरवलं.

तिथंच सगळं थांबलं असतं तर निभावलं असतं. पण मॅडमना चांगलं काम करायची आवड होती. त्यांनी पिशवीतून पाटी आणि खडूची पेटी काढली. “बाबा,” त्या शेजारी मातीत बसत म्हणाल्या, “आज आपण तुमचं नाव लिहायला शिकू. प्रेम, हा शॉट तू घे. तुझा पहिला.”

प्रेम कॅमेऱ्यामागे गेला. ऊन त्याच्या समोरून येत होतं, पाटी नुसती चमकणार होती. खोकल्याचं निमित्त करून गुरुजी कोठ्याच्या सावलीकडे सरकले आणि पाटी तिरपी धरली. प्रेमच्या ते लक्षात आलं. त्यानं काही न बोलता कॅमेरा खाली घेतला.

मॅडमनी ‘अ’पासून सुरुवात केली. गुरुजींचा जीव वरखाली झाला. ‘अ’ हे नवशिक्यासाठी सगळ्यात अवघड अक्षर. सुरुवात ‘ग’ किंवा ‘म’पासून करायची, हे त्यांनी दोनशे शिक्षकांना प्रशिक्षणात सांगितलं होतं. त्यांनी ते गिळलं. मॅडमनी त्यांच्या मुठीवर हात ठेवून ‘किसन’ गिरवून घेतलं, मग हात काढला. “आता तुम्ही.”

देवीलालना गुरुजींनी एकदा असंच बसवलं होतं, नोकरी लागली त्या वर्षी. वडिलांनी खडू कुऱ्हाडीच्या दांड्यासारखा धरला होता. गुरुजींनी तसाच धरला. ‘क’ काढला, कान मोडलेला. आणि वेलांटी अक्षराच्या आधी न काढता नंतर काढली, उलटी, ‘स’च्या डोक्यावर आदळणारी. पाटीकडे न पाहता ते स्वतःच्या हाताकडे पाहत होते, जणू हात दुसऱ्याचा आहे. खडू दाबून मोडला. देवीलालनी त्या दिवशी तुकडा अंगणात फेकला होता आणि म्हणाले होते, “तू शिकला ना, तेवढं पुरे.” गुरुजींनी फेकला नाही. तो तुकडा त्यांनी हळूच मॅडमच्या तळहातावर ठेवला आणि पुन्हा त्यांच्या पायांकडे पाहिलं.

कोणी ‘कट’ म्हणेना. वर्षा मॅडमचे डोळे भरून आले होते.

“वेलांटी आधी, बाबा,” त्या म्हणाल्या आणि त्यांचं बोट धरून पुन्हा काढून दाखवली. “होईल. तुम्ही हुशार आहात.”

जाताना त्यांनी पाटी आणि एक रंगीत अंकलिपी गुरुजींना भेट दिली. प्रेम गाडीत बसताना काचेतून पाहत राहिला. हात वर करावा की नाही हे त्याला ठरवता आलं नसावं, कारण मॅडम शेजारी होत्या. गाडी गेल्यावर गुरुजी लिंबाखाली पेन शोधायला गेले. ते शेळीनं चावलं होतं.

फिल्म पुढच्या महिन्यात सगळीकडे फिरली. ‘निवृत्त गुरुजन’वरही आली. तिथं दिवसभर कोणी काही लिहिलं नाही. संध्याकाळी एकानं ‘गुरुजी, तब्येत बरी आहे ना?’ असं विचारलं, आणि दुसऱ्यानं नेहमीप्रमाणे फूल टाकलं. धम्मरत्न चहाला आले, पण नोंद दुरुस्तीचा विषय त्यांनी काढला नाही. ते कापसाच्या भावावर बोलत बसले.

त्याच आठवड्यात प्रेमचा फोन आला. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

“बाबा! आज पडद्यावर दाखवली. अख्खी संस्था उभी राहून टाळ्या वाजवून राह्यली. आमचे मोठे सर हायेत ना, ते कोणालेच चांगलं म्हणत नाहीत, ते माया जवळ आले. म्हणाले, म्हातारा पाटीकडे पाहत नाही, हाताकडे पाहते, अन् थो खडूचा तुकडा देऊन टाकते, हे कोणी सुचवलं?”

“मग तू काय सांगितलं?”

“म्हटलं, मी.” मग आवाज उतरवून, “दुसरं काय सांगू शकत होतो, बाबा?”

गुरुजींनी विचार करून पाहिला. दुसरं काही सांगता येण्यासारखं खरोखरच नव्हतं.

“बरोबर सांगितलंस,” ते म्हणाले. “जेवलास का?”

फोन ठेवल्यावर हंसाबाईंनी आतून विचारलं, “काय म्हणते पोरगं?”

“नाव काढलं म्हणते.”

“कोनाचं?”

“तेवढ्यात फोन कटला,” गुरुजी म्हणाले.